पाठराखण की पाठ थोपटणं?

आजचा विषय आकाराने फार छोटा आहे, शंभर-सव्वाशे शब्दांचा. पुस्तक हातात घेऊन उलटं केलं की मागे जो मजकूर दिसतो त्याबद्दल बोलायचं आहे. इंग्रजीत त्याला ब्लर्ब म्हणतात. आपल्याकडे कुणी 'मलपृष्ठावरचा मजकूर' म्हणतं, कुणी 'पाठराखण' म्हणतं. मला हा दुसरा शब्द फार आवडतो. का आवडतो ते पुढे सांगेन.

समीक्षकाने एवढ्याशा मजकुरावर तासभर बोलावं का, असं तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल. समीक्षा कादंबरीची होते, कवितेची होते. जाहिरातीची कशाला? पण जरा बघा. पुस्तक विकत घेणारा हा मजकूर वाचतो आणि न घेता परत फळीवर ठेवणाराही वाचतो. ज्याने पुस्तक अर्ध्यात सोडलं तोसुद्धा हा मजकूर मात्र पूर्ण वाचलेला असतो. परीक्षणं वाचणारे त्या मानाने किती? म्हणजे पुस्तकांविषयीचं जे लेखन लोकांच्या नजरेखालून खरोखर जातं, ते हे आहे. आणि नेमकं त्याच्यावर कुणी बोलत नाही.

ब्लर्ब खोटं बोलतो ही तक्रार जुनी आहे, आणि माझी ती नाही. विकणारा आपल्या मालाचं कौतुक करणारच. माझं म्हणणं वेगळं आहे. आजचा मराठी ब्लर्ब अशा भाषेत लिहिला जातो की तो खोटा ठरूच शकत नाही. आणि जे वाक्य खोटं ठरू शकत नाही, ते खरंही ठरत नाही. ते नुसतं तिथे असतं. एवढ्यावर थांबलं असतं तरी मी बोललो नसतो. पण ती भाषा मलपृष्ठावरून उतरून परीक्षणात आली, प्रकाशन समारंभातल्या भाषणात आली, विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकेत आली. आपण समीक्षक म्हणवणारे लोकही तीच बोलायला लागलो आहोत. हे मला गंभीर वाटतं.

आधी थोडा इतिहास, पटकन सांगतो. गेलेट बर्जेस नावाचा एक अमेरिकन विनोदी लेखक होता. १९०६ साली त्याचं 'आर यू अ ब्रोमाइड?' नावाचं छोटंसं पुस्तक आलं. ब्रोमाइड हे त्या काळी माणसाला गुंगी आणण्यासाठी देत असत. जी माणसं कायम ठरावीक वाक्यं बोलून समोरच्याला पेंगवतात, त्यांना बर्जेसने 'ब्रोमाइड' म्हटलं. पुढच्या वर्षी, १९०७ साली, अमेरिकेतल्या पुस्तकविक्रेत्यांच्या वार्षिक मेजवानीत वाटायला या पुस्तकाच्या काही प्रतींना खास वेष्टन घातलं गेलं. त्यावर तोंडाशी हात धरून ओरडणाऱ्या एका बाईचं चित्र होतं. तिचं नाव ठेवलं होतं मिस बेलिंडा ब्लर्ब. शब्द आला तो तिथून. म्हणजे हा शब्द जन्मला थट्टेत, आणि तोही कुठल्या पुस्तकाच्या अंगावर? साचेबंद बोलणाऱ्या माणसांची टर उडवणाऱ्या पुस्तकाच्या. (हशा) नियतीलाही कधीकधी विनोदबुद्धी असते.

वस्तू मात्र शब्दाच्या आधीपासून होती. १८५५ साली वॉल्ट व्हिटमनचा 'लीव्ह्ज ऑफ ग्रास' आला. इमर्सनने त्याला खाजगी पत्र लिहून मनापासून शाबासकी दिली. व्हिटमनने काय केलं? १८५६ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या कण्यावर त्या पत्रातलं एक वाक्य सोनेरी अक्षरांत छापून टाकलं, खाली इमर्सनचं नाव. इमर्सनला न विचारता. शिवाय आपल्याच पुस्तकाची परीक्षणं त्याने निनावी लिहून छापून आणली होती. त्याच्याही मागे जायचं तर १५१६ चा 'युटोपिया' घ्या. थोर लोकांची शिफारसपत्रं आपल्या पुस्तकाला जोडली जावीत अशी थॉमस मोरची इच्छा होती, आणि ते काम त्याने इरॅस्मसवर सोपवलं होतं. तेव्हा 'हल्ली फार बाजारूपणा आला' असं म्हणून आपल्याला सुटता येणार नाही.

पण मला युरोपात रमायचं नाही. आपल्या घरात या गोष्टीचा विचार फार बारकाईने झालेला आहे. आपल्याकडे स्तोत्राच्या शेवटी फलश्रुती असते. हे वाचल्याने काय मिळेल, ते सांगणारा भाग. संकटनाशन गणेशस्तोत्र तुमच्यापैकी अनेकांना पाठ असेल. त्याची फलश्रुती विद्यार्थ्याला काय मिळेल, धन हवं असणाऱ्याला काय मिळेल हे वेगवेगळं सांगते, आणि पुढे मुदतही देते. सहा महिन्यांत फळ, वर्षभरात सिद्धी. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवा, नुसती भाषा बघा. कुणाला, काय आणि किती दिवसांत, हे सगळं तिथे आहे. सहा महिन्यांनी माणूस जाब विचारू शकतो! आणि ही फलश्रुती येते शेवटी, म्हणजे वाचून झाल्यावर. ब्लर्बही छापलेला असतो शेवटी, पण आपण वाचतो तो आधी.

दुसरी गोष्ट मीमांसकांची. वेदातल्या वाक्यांचे त्यांनी प्रकार पाडले. 'अमुक करावं' असं सांगणारा तो विधी. आणि स्तुती किंवा निंदा करणारा तो अर्थवाद. त्यांचं एक नेहमीचं उदाहरण आहे. ऐश्वर्य हवं असणाऱ्याने वायूला उद्देशून याग करावा, हा विधी. त्याच्या जोडीला वाक्य येतं की वायू ही अतिशय वेगवान देवता आहे. आता प्रश्न असा पडला की वायूचा वेग सांगून वेदाला साधायचंय काय? मीमांसकांचं उत्तर असं की हे वाक्य सुटं घेतलं तर काही कामाचं नाही. विधीला जोडलं की त्याला अर्थ येतो. देवता वेगवान आहे, म्हणून फळ लवकर मिळेल, म्हणून हा याग कर. म्हणजे ते वाक्य माहिती द्यायला आलेलंच नाही, माणसाला कामाला लावायला आलं आहे.

ब्लर्बचा अर्थ मला याहून नेमका कुणी सांगितल्याचं आठवत नाही. 'महत्त्वाची कादंबरी' याचा अर्थ 'कादंबरी महत्त्वाची आहे' असा नसतो. त्याचा अर्थ 'घ्या' असा असतो. ब्लर्ब हा अर्थवाद आहे, आणि त्याच्या मागचा विधी छापील किमतीच्या रूपाने खाली कोपऱ्यात असतो.

मात्र एक गोष्ट निसटू देऊ नका. तो अर्थवादसुद्धा वायूचाच आहे. वेग हा वायूचा गुण. तेच कौतुक पृथ्वीला चिकटवून बघा, चिकटत नाही. स्तुती झाली तरी ती ज्याची करायची त्याच्याकडे बघूनच केलेली आहे. आजच्या मलपृष्ठावर नेमकी ही गोष्ट उरलेली नाही.

यासाठी मी एक साधी परीक्षा करतो. घरी करून बघा, मजा येते. कपाटातली पाच मराठी पुस्तकं काढा आणि त्यांचे ब्लर्ब एकमेकांत बदला. याचा त्याला, त्याचा याला. नावं आणि गावं तेवढी झाका. किती ठिकाणी बिघडतं ते बघा. 'वास्तवाचे दाहक दर्शन', 'मातीशी नाळ', 'मानवी नातेसंबंधांचा तरल वेध', 'वाचकाला अंतर्मुख करणारी', 'संग्रही असावे असे'. हे कुठेही बसतं. एखाद्या कादंबरीचा ब्लर्ब मधुमेहावरच्या पुस्तकाला लावला तरी 'अंतर्मुख' चालून जातं. (हशा)

वर्तमानपत्रातल्या लग्नाच्या जाहिराती आठवा. 'सुस्वरूप, सुशील, गृहकृत्यदक्ष.' त्या शब्दांवरून रस्त्यात मुलगी ओळखता येईल का? पण त्याच जाहिरातीत शिक्षण, उंची, गाव, पगार हेही असतं. वाचणारा 'सुशील'वरून नजर पुढे सरकवतो आणि उंचीवर थांबतो. ब्लर्बमध्ये उंची नसते. सगळंच 'सुशील' असतं.

आता पाठराखण या शब्दाकडे येतो. नवी नवरी सासरी निघाली की तिच्याबरोबर माहेरची एखादी मुलगी किंवा बाई पाठवायची पद्धत होती. ती पाठराखीण. तिचं काम नवरीचं कौतुक करण्याचं नसे. लग्न जमवण्याचं कौतुक मध्यस्थाने आधीच करून झालेलं असे. पाठराखिणीला नवरी माहीत असे. तिला काय आवडतं, ती कधी घाबरते, तिला सकाळी चहा लागतो की दूध. परक्या घरात दोन दिवस तिच्या बाजूला बसायचं आणि घराला ती कळेल असं काहीतरी करायचं, एवढं तिचं काम. पुस्तकाच्या मागच्या मजकुराला हा शब्द ज्याने कुणी पहिल्यांदा लावला त्याला मी मनातल्या मनात नमस्कार करतो. पण आज त्या जागी बसली आहे ती पाठराखीण नाही, मध्यस्थ आहे. आणि नामवंत लेखकाची सही असलेल्या अभिप्रायात तर पुष्कळदा नुसतं पाठ थोपटणं चालतं. मी तुझी थोपटतो, तू माझी थोपट. उंटाच्या लग्नात गाढवं गायला गेली आणि दोघांनी एकमेकांची वाहवा केली, ही गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे. अमेरिकेत १९८० च्या दशकात 'स्पाय' नावाच्या नियतकालिकाने तर यावर सदरच चालवलं. कोणत्या लेखकाने कोणाची स्तुती केली आणि त्याने ती कशी परत केली, त्याच्या जोड्या लावून छापायचे.

हे कुणाला नडतं? तुम्ही म्हणाल, जाणकार वाचक फसत नाही. बरोबर. पण हा मजकूर रोजच्या व्यवहारात कुठे कुठे जातो ते बघू. आपल्याकडे प्रकाशनपूर्व सवलत योजना असते. पुस्तक छापायचं असतं, वाचकाने पैसे आधी भरायचे असतात. तो कशाच्या भरवशावर भरतो? लेखकाचं नाव आणि हा शंभर शब्दांचा मजकूर. ऑनलाइन पुस्तक मागवणाऱ्याला पानं चाळता येत नाहीत, त्याच्या पडद्यावर पुस्तकाचा परिचय म्हणून हाच मजकूर येतो. १९६७ च्या कायद्याखाली अनुदान मिळणारी तालुक्याची, गावची ग्रंथालयं आहेत. तिथला ग्रंथपाल शेकडो नव्या पुस्तकांच्या याद्या बघत असतो. प्रत्येक पुस्तक वाचून तो निवड करणार नाही, करूही शकत नाही. त्याच्या यादीत आलेली माहिती कुठली? मलपृष्ठावरची. वर्तमानपत्राच्या पुरवणीत 'साभार पोच' म्हणून जे दोन-चार ओळींत येतं, तेही बऱ्याचदा तिथलंच. प्रकाशन समारंभात सूत्रसंचालक उभा राहतो आणि पुस्तकाची ओळख म्हणून मलपृष्ठ वाचतो. मग प्रमुख पाहुणे उठतात. त्यांना पुस्तक काल संध्याकाळी मिळालेलं असतं. तेही मलपृष्ठ वाचतात, पण जरा थांबत थांबत. (हशा) दुसऱ्या दिवशी बातमी येते की 'हे पुस्तक अंतर्मुख करणारं असल्याचं प्रतिपादन त्यांनी केलं'. आणि दुसरी आवृत्ती निघाली की ते प्रतिपादन त्यांच्या नावानिशी मलपृष्ठावर येतं. वाक्य जिथून निघालं तिथे परत आलं. मधे पुस्तक कुणी उघडलं नाही.

आता मुद्द्याची गोष्ट, जिच्यासाठी मी हा विषय घेतला. 'दाहक' या शब्दाने काय केलं ते सांगतो. १९७८ साली दया पवारांचं 'बलुतं' आलं. १९८० मध्ये लक्ष्मण मानेंचं 'उपरा', १९८६ मध्ये बेबी कांबळेंचं 'जिणं आमुचं', १९८७ मध्ये लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या', २००३ मध्ये ऊर्मिला पवारांचं 'आयदान'. या पुस्तकांविषयी आपण सर्रास कोणता शब्द वापरतो? दाहक. दाहक अनुभव, दाहक वास्तव, दाहक आत्मकथन. एक शब्द, पाच पुस्तकं. वर सांगितलेली परीक्षा करा. 'दाहक' पाचही ठिकाणी बसतो. म्हणून तो एकाही पुस्तकाबद्दल काही सांगत नाही.

'बलुतं' उघडून बघा. तिथे 'मी' सरळ बोलत नाही. दया पवार नावाचा लेखक आणि दगडू मारुती पवार, म्हणजे तोच माणूस, असे दोघं समोरासमोर आहेत. दगडू सांगतो, दया ऐकतो. शिकलेला, लेखक झालेला माणूस आपल्याच पूर्वीच्या नावाकडून आपली हकिगत ऐकून घेतो. ही रचना आहे, हा लेखकाने घेतलेला निर्णय आहे. 'जिणं आमुचं'चं नाव बघा. आत्मकथन असून शीर्षकात 'माझं' नाही, 'आमुचं' आहे. एका बाईच्या आयुष्याइतकंच ते वस्तीचं, तिथल्या बायकांचं पुस्तक आहे. 'आयदान' म्हणजे बांबूपासून विणलेल्या वस्तू. लेखिकेची आई त्या विणत असे, आणि आपलं लिहिणं त्या विणण्याशी लेखिका जोडून बघते. म्हणजे तिथे कारागिरीचा विचार आहे. हे सगळं 'दाहक' या एका शब्दाने पुसून टाकलं. आपण या लेखकांना अनुभव दिला आणि कला काढून घेतली. 'यांनी सोसलं' एवढं मान्य केलं, 'यांनी रचलं' हे मान्य करायचं राहून गेलं. ब्लर्बमधलं एक विशेषण एवढं करू शकतं. ते स्तुतीच्या रूपात आलं म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नाही.

असेच बाकीचेही शब्द आहेत. खेड्यातला लेखक असला की 'मातीचा गंध', कवयित्री असली की 'तरल'. मर्ढेकरांना कुणी तरल म्हणून सोडून देत नाही. जाऊ दे, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

आता तुम्ही म्हणाल, छोट्या मजकुराची मजबुरी असते, शंभर शब्दांत काय सांगणार? मी पुण्याच्या दुकानांकडे बोट दाखवतो. 'आमची कोठेही शाखा नाही.' चार शब्द. मला विचाराल तर मराठीतली उत्तम जाहिरात आहे. एकही विशेषण नाही, उलट 'नाही' आहे. आणि हे वाक्य खोटं ठरू शकतं. कोपऱ्यावर दुसरं दुकान दिसलं की संपलं. म्हणूनच त्यावर विश्वास बसतो. नाटकांच्या जाहिराती बघा. 'तुफान विनोदी' असतंच, ते आपण सोडून देतो. पण 'तीनशेवा प्रयोग' असतं, नाट्यगृहाचं नाव असतं, वेळ असते, कलाकार असतात. याउलट खाणावळीवरचं 'घरगुती' घ्या. कोणाच्या घरगुती? माझ्या मावशीच्या घरी भाजी कायम खारट असायची. (हशा) 'अस्सल', 'पारंपरिक', 'घरगुती' ही त्या बाजारातली 'दाहक' आणि 'तरल' आहेत.

कायद्यालाही हा फरक फार आधी कळला. १८९१ मध्ये लंडनच्या एका कंपनीने कार्बोलिक स्मोक बॉल नावाच्या औषधाची जाहिरात दिली. सांगितल्याप्रमाणे वापरूनही फ्लू झाला तर १०० पौंड देऊ, आणि आमचा प्रामाणिकपणा म्हणून बँकेत १००० पौंड ठेवले आहेत. कार्लिल नावाच्या बाईंनी ते वापरलं, त्यांना फ्लू झाला, त्यांनी पैसे मागितले. कंपनी म्हणाली, अहो, जाहिरातीतलं बोलणं ते, मनावर घ्यायचं नसतं. न्यायालयाने ते मानलं नाही. कारण बँकेत पैसे ठेवल्याचं तुम्हीच लिहिलंत. म्हणजे नुसती फुशारकी मारलीत तर सुटका आहे, नेमकं काही बोललात तर बांधील आहात. आपल्या मलपृष्ठांनी यातून धडा घेतला तो पहिल्या अर्ध्याचा. नेमकं काही बोलायचंच नाही!

आणखी एक किस्सा. २००१ साली उघड झालं की सोनीच्या सिनेमांच्या जाहिरातींत ज्या डेव्हिड मॅनिंग नावाच्या समीक्षकाची स्तुती छापली जात होती, तो माणूस अस्तित्वातच नव्हता. कंपनीतच रचलेला होता. पुढे प्रेक्षकांना तिकिटामागे पाच डॉलरपर्यंत परत देण्याची तडजोड झाली. लक्षात घ्या, अडचण आली ती बोलणारा खोटा निघाला म्हणून. बोलणं नेहमीचंच होतं, दुसऱ्या एखाद्या खऱ्या समीक्षकाने तेच म्हटलं असतं तर कुणाला काही वाटलं नसतं. भारतात २०२२ साली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं आली. शिफारस करणाऱ्याला त्या वस्तूची पुरेशी माहिती किंवा अनुभव हवा, अशी त्यात अपेक्षा आहे. साबणाला लावलेली ही अट क्षणभर पुस्तकाला लावून बघा. मलपृष्ठावर सही करणाऱ्यांपैकी किती जण उरतील?

मग चांगला ब्लर्ब असतो तरी का? असतो. टी. एस. एलियट १९२५ पासून लंडनच्या फेबर या प्रकाशनसंस्थेत होता आणि तिथल्या पुस्तकांचे ब्लर्ब त्याने वर्षानुवर्षं लिहिले, निनावी. त्या शतकातला मोठा कवी हे कारकुनी काम मानत नव्हता. इटलीत अदेल्फी प्रकाशनाच्या रोबेर्तो कालास्सोने आपण लिहिलेल्या ब्लर्बमधून शंभर निवडून २००३ साली त्यांचं पुस्तक केलं. त्याचं नाव मराठीत सांगायचं तर 'एका अनोळखी माणसाला शंभर पत्रं'. ब्लर्ब हे अनोळखी माणसाला लिहिलेलं पत्र आहे, ही कल्पना मला पटते. पत्रात आपण 'तुम्ही अंतर्मुख व्हाल' असं लिहितो का? आपण लिहितो, इकडे पाऊस आहे, येताना छत्री आणा.

आणि आपल्याकडे १९७२ चा 'गोलपिठा'. नामदेव ढसाळांच्या त्या संग्रहाला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. ती ब्लर्ब नाही, लांब आहे, हे मान्य. पण पाठराखण म्हणजे काय ते तिच्यात दिसतं. तेंडुलकर त्या वस्तीत ढसाळांबरोबर फिरले आणि ते फिरणं त्यांनी लिहिलं. वरून बघून 'दाहक' असा शेरा मारून ते मोकळे झाले नाहीत. आपण या जगाबाहेरचे आहोत ही जाणीव धरून, वाचकाला बरोबर घेऊन ते आत गेले.

एक नमुना मी स्वतः रचून आणला आहे. कादंबरी काल्पनिक आहे, शोधू नका. नेहमीचा ब्लर्ब असा येईल: 'ऊसतोड कामगारांच्या जगण्याचे दाहक वास्तव मांडणारी, मातीशी नाळ जोडलेली, वाचकाला अंतर्मुख करणारी कादंबरी.' आता हा दुसरा ऐका: 'बीडकडून कारखान्यावर गेलेल्या एका कोयत्याची, म्हणजे एका नवरा-बायकोच्या जोडीची, सहा महिन्यांची हकिगत. मुकादमाकडून घेतलेली उचल पट्टा पडेपर्यंत फिटते का, हा एकच प्रश्न कादंबरीभर आहे. सगळं बायकोच्या तोंडून येतं. संवाद बोलीत आहेत, पहिली वीस पानं जड जातील. हिशेब पुष्कळ आहेत, ते वगळून वाचू नयेत.' यात विशेषण किती आहेत मोजा. आणि हा मजकूर दुसऱ्या पुस्तकाला लावून बघा. लागणार नाही. शिवाय यातलं प्रत्येक वाक्य खोटं ठरू शकतं. निवेदन नवऱ्याचं निघालं, तर वाचक पुस्तक घेऊन दुकानात परत येईल.

मी इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्न: मी लहान प्रकाशक आहे. 'पहिली वीस पानं जड जातील' असं छापलं तर पुस्तक कोण घेईल? तुम्हाला बोलायला सोपं आहे.

उत्तर: बोलायला सोपं आहे हे खरं. पण बघा, तुमचं पुस्तक ज्याने घेतलं, दहाव्या पानावर अडला आणि 'आपल्याला नाही जमत' म्हणून ठेवून दिलं, तो तुमचं दुसरं पुस्तक घेणार आहे का? त्याला आधी सांगितलं असतं की वीस पानं जड आहेत, तर तो एकविसाव्यापर्यंत गेला असता. आणि बीडच्या माणसाला ती जड जाणारच नाहीत, तो बोलीसाठीच घेईल. तुम्ही एकाच पुस्तकावर करून बघा. सगळ्या यादीवर करा असं मी म्हणत नाही, तुमचं भाडं मला भरायचं नाही.

प्रश्न: नवीन कवीला मोठ्या कवीचा अभिप्राय लागतोच. तो मागायचाच नाही का?

उत्तर: २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेत सायमन अँड शुस्टरच्या मुख्य विभागाच्या प्रकाशकाने जाहीर केलं की लेखकांनी असे अभिप्राय गोळा करून आणलेच पाहिजेत, ही अट आम्ही काढतो. अभिप्रायाला बंदी नाही, अट नाही एवढंच. एवढ्या मोठ्या संस्थेने हे म्हटलं, कारण लेखकांचा वेळ त्यात जात होता आणि ज्याच्या ओळखी जास्त त्याचं पुस्तक वजनदार दिसत होतं. मराठीत ओळखींचं काय चालतं ते मी सांगायला नको. मागायचाच असेल तर मागा, पण एक अट घाला. 'माझ्या तुम्हाला आवडलेल्या एका कवितेचं नाव घालून लिहा' म्हणावं. वाचलं नसेल तर तेच नकार देतील. तुमचाही वेळ वाचेल.

प्रश्न: आम्ही मुलं पुस्तकांबद्दल ऑनलाइन चार-पाच ओळी लिहितो. प्रकाशक त्या उचलून जाहिरातीत वापरतात. मग आम्हीही ब्लर्बच लिहितो असं झालं का?

उत्तर: झालं तर काय बिघडलं? लिहा की. फक्त लिहिताना पुस्तक समोर उघडं ठेवा आणि त्या चार ओळींत एक तरी पान क्रमांक घाला. 'पान ११२ वर सासू जे बोलते ते वाचा', एवढं. प्रकाशकाला ते जाहिरातीत घ्यायला जरा अवघड जाईल. पण घेतलंच, तर दुकानात उभा असलेला माणूस पान ११२ उघडेल.